सावंतांच्या घरचं मीठ

आखातातल्या अल् घुब्रा भागातल्या त्या इमारतीत आयोडीनचा विषय धनंजय सावंतच्या मालकीचा होता. लिफ्टमध्ये सापडेल त्याला गाठून तो मोबाइलवर गलगंडाचे फोटो दाखवी. बायको यशश्रीला दिवस गेल्यापासून तर त्याने घरात आयोडीनच्या मिठाची पाकिटं रचून ठेवली होती. आज घरोघरच्या मिठाच्या तपासणीनंतर आरोग्य मोहिमेसाठी इमारतीचा प्रतिनिधी निवडणार होते. निवड आपलीच, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. भाषणही पाठ झालं होतं.

खालच्या हॉलमध्ये घरोघरचं चमचाभर मीठ मांडलं गेलं. आयोडीन असेल तर थेंब पडताच मीठ जांभळं होणार, असं नर्स सिदराने सांगितलं. वरच्या मजल्यावरच्या झरीनचं झालं. शेजाऱ्यांचं झालं. सावंतांचं मात्र पांढरं ते पांढरंच राहिलं.

"सिस्टर, किट खराब है," धनंजय ठामपणे म्हणाला. "मैं गाला की फैक्टरी में क्वालिटी कंट्रोल देखता हूँ."

सिदराने पुन्हा थेंब टाकला. फरक पडला नाही.

"यशश्री, घरून डबाच घेऊन ये!"

डबा आला. तेही मीठ पांढरंच राहिलं. तरी धनंजयचा आवाज खाली येईना. तो झरीनकडे वळला. "भाभी, आपने नमक लिया कहाँ से?"

"आप ही के घर से! अम्माजी दे जाती हैं."

"हमें भी," शेजारी म्हणाले. साऱ्या माना व्हिजिट व्हिसावर आलेल्या धनंजयच्या आईकडे, गंगुबाईंकडे वळल्या.

"माका काय बघतास? त्या पाकिटातल्या भुकटेन माशांच्या तिखल्याक चव येणा नाय. मी गावचा खडेमीठ हाडलंय, ताच मिक्सरात वाटून डब्यात भरतंय."

"अगं आई, मग माझी पाकिटं लोकांना वाटलीस? त्यापेक्षा टाकून द्यायचीस!"

"मीठ टाकूचा? मेल्यावर पापण्येनी येचूचा लागता. तू येतलंस येचूक?"

यशश्रीने मात्र सासूला बाजूला घेऊन पोटातल्या बाळाच्या मेंदूला आयोडीन का लागतं ते नीट समजावलं. गंगुबाईंचा चेहरा उतरला. "आदी कोणी सांगूक नाय माका," त्या पुटपुटल्या. गावभर भाषणं देणाऱ्या मुलाने स्वतःच्या आईला यातलं काही सांगितलंच नव्हतं.

सिदरा हसू दाबत म्हणाली, "पूरी बिल्डिंग में आयोडीन तो अम्माजी ने पहुँचाया. हमारी प्रतिनिधि वही." टाळ्यांचा कडकडाट झाला. सर्वांत उशिरा धनंजयने टाळी वाजवली.

घरी येताच गंगुबाईंनी पदरावर मोहिमेचा बिल्ला लावला, तो डबा उचलला आणि मुलासमोर धरला.

"धनंजया, ह्या घरात खयचा मीठ वापरतत?"

"आई, तूच तर वाटून..."

"खडेमीठ? आणि सून गरोदर आसताना? तुका लाज वाटणा नाय?"