सबनीसांची चेटकीण

सबनीस टीव्हीवरची चेटकिणीची मालिका बघायचे ते मुठीत मीठ घेऊन. पडद्यावरची मोकळ्या केसांची बाई उलट्या पावलांनी निघाली, की टीव्हीवर मीठ भिरकावून ओरडायचे, "खलास! आली!" शारजाच्या अल नहदा भागात आमची दारं समोरासमोर, त्यामुळे ती आली की मलाही कळायचं.

"अहो, एवढं घाबरता तर बघता कशाला?"

"वहिनी, शत्रू कुठून येतो ते ठाऊक नको?"

मंदी सुरू झाली तशी त्यांनी बायकोला पुण्याला पाठवून दिलं होतं. दुबईत आमचं ऑफिस एकच, जायचो त्यांच्याच गाडीनं. दर गुरुवारी साहेब कुणाला तरी केबिनमध्ये बोलवायचे आणि तो माणूस बाहेर यायचा तो टेबल आवरायलाच. बुधवारीच मी खणातल्या वस्तू पर्समध्ये भरून ठेवायची. सबनीस तर देवाचं नाव घेतल्याशिवाय गिअर टाकत नसत.

गाडीत मागे बसायची लिंडा, आमच्या ऑफिसातली इंग्रज बाई, इथं राहून हिंदी शिकलेली. एकदा सबनीस तिला कालचा एपिसोड अगदी आवाज काढून सांगत होते. ती हसून म्हणाली, "पण मीच विच आहे की! विक्का हा माझा धर्म." सबनीसांनी असा करकचून ब्रेक मारला, की माझ्या डब्यातली आमटी पायावर सांडली.

पुढे काही दिवस ते आरशातून तिच्यावर नजर ठेवून होते. मग त्यांना राहवेना, उलटतपासणी सुरू झाली.

"झाडूवर बसून उडता?"

"नाही. झाडूनं जागा झाडायची."

"सैतान?"

"आमच्यात सैतानच नाही."

"मग शाप तरी?"

"कुणाचं वाईट करायचं नाही, हाच आमचा नियम."

ती म्हणे पौर्णिमेला मेणबत्ती लावते, मिठानं जागा शुद्ध करते, धरतीचे आभार मानते. झालं!

सबनीसांचा पार विरस झाला. "हे तर आमच्या हिच्या पूजेसारखंच! टीव्हीवाले मेले उगाच विजा कडाडवतात." मग काचा बंद आहेत ना ते बघून हळूच म्हणाले, "लिंडा, ये बात किसी को मत बोलना. इधर जादू मतलब जेल, फिर सीधा डिपोर्ट."

लिंडाचं हसू मावळलं. मीही हादरले. त्या दिवसापासून सबनीसांची चेटकिणीची भीती गेली आणि चेटकिणीची काळजी सुरू झाली. ऑफिसात कुणी नुसतं "मॅजिक" म्हटलं तरी ते दचकायचे.

एका गुरुवारी आमची टेबलं हलवताना खाली एक पुरचुंडी पडली. मीठ, वाळका पाला, मेणबत्तीचा तुकडा. साहेब लखनौकडचे. पुरचुंडी उचलून गरजले, "ये जादू-टोना किसका है?"

लिंडा पांढरीफटक. आणि सबनीस उभे राहिले. एका हातानं टेबल घट्ट धरलं होतं.

"मेरा है, सर. हमारे में नजर उतारते हैं."

साहेबांनी पुरचुंडी हुंगली. "मिर्ची किधर है?"

त्यांच्या आईनंही कधीतरी त्यांची दृष्ट काढली असणार, दुसरं काय!

"मिर्ची... खलास हो गई, सर."

शेवटी पुरचुंडी केराच्या टोपलीत गेली, पोलिसांकडे नाही. पण जाता जाता म्हणाले, "सबनीस, केबिन में आओ."

ते बाहेर आले ते टेबल आवरायलाच. त्या पुरचुंडीमुळे गेले की नाव आधीच ठरलं होतं, कोण जाणे. लिंडा काही बोलायला पुढे झाली, तर त्यांनी डोळ्यांनीच दटावलं तिला.

संध्याकाळी मालिकेची वेळ झाली, तरी समोरून आवाज नाही. मी उठून गेले. दार वाजवलं. टीव्ही बंद, बॅग उघडी, सबनीस खुर्चीत बसलेले.

"वहिनी, माझी दृष्ट काढता? ही गेल्यापासून कुणी काढली नाही हो."

मी मीठ, मोहऱ्या, मिरच्या घेऊन आले. "आल्या-गेल्याची, पाहुण्या-रावळ्याची..." म्हणत ओवाळलं. गॅसकडे वळले, तर म्हणाले, "थांबा. एकदा लिंडाच्या नावानं ओवाळा. मी गेल्यावर तिला इथं कोण आहे?"

पदरानं नाक पुसून मी पुन्हा मूठ भरली.

"आणि वहिनी," ते डोळे मिटूनच म्हणाले, "मिरच्या जरा जास्त घ्या. सकाळी तिच्या पुरचुंडीत राहून गेल्या होत्या."