डब्यात पीठ नाही

नूतनच्या फिल्मचा आता एकच शॉट राहिला होता. गरीब आई पिठाचा डबा उघडते, आत बघते आणि पोरीला सांगते, "डबामा पीठ नही शे." मग पोरगी कॉलेज सोडते. बस्स. पण पाचच्या गाडीने कॉलेजचा कॅमेरा जळगावला न्यायचा होता, उद्या फिल्म सरांना दाखवायची होती, आणि हा शॉट नसला तर पोरगी शिक्षण का सोडते तेच कुणाला कळणार नव्हतं.

आई झाली होती नूतनची दोंडाईच्याची कमलमामी, आणि शूटिंगही तिच्याच घरात चाललं होतं. फाटकी साडी नेसली, केस विस्कटले, सगळं केलं. पण तोंडातून ते वाक्य काही निघेना.

"डबा भरेल शे, पोरी. भरेल डबावर हात ठेईसन मी खोटं नही बोलसू."

डबा रिकामा करू म्हटलं, तर मामीने असं पाहिलं की नूतनने स्वतःच झाकण लावलं. शेवटी ठरलं, मामीने नुसतं कपाळाला हात लावून चुलीपाशी बसायचं. उजेडासाठी दार उघडं ठेवलं आणि तिथेच घोळ झाला. शेजारच्या रत्नाक्काला रस्त्यावरून फाटक्या साडीतली मामी दिसली. कोपऱ्यातला कॅमेरा दिसलाच नाही. पाच मिनिटांत ती पातेलंभर भरीत ठेवून डोळे पुसत गेली.

मामी शूटिंग सोडून उठली. आलेलं भांडं रिकामं परत कसं पाठवायचं? तिने दशम्या केल्या आणि त्या पातेल्यातून पाठवल्या. ते बघून तर गल्लीला रडूच आलं, की घरात दाणा नाही आणि तरी बाई दशम्या पाठवते. मग ताईबाईकडून डाळ आली, ज्योतीकडून खिचडी. एक भांडं दशम्या घेऊन गेलं की दोन भांडी यायची. फिल्ममधली उपाशी पोरगी, म्हणजे नूतनची मैत्रीण मेघा, तिसऱ्यांदा भरीत वाढून घेत होती.

साडेचारला आठव्या भांड्यासाठी मामीने डब्यात हात घातला. मग डबा तिरपा केला. तिचा चेहरा असा काही पडला की नूतनने धावत जाऊन कॅमेरा चालू केला आणि मेघाला ताटावरून उठवून पुढे ढकललं.

मामीचा आवाज कापत होता. "पोरी, डबामा पीठ नही शे."

मेघाला खरंच रडू फुटलं. नूतनने कॅमेरा आणखी जवळ नेला. एवढ्यात मामीने डोळे पुसले आणि थेट कॅमेऱ्याकडे वळली.

"पण उपाशी कोणले नही धाडसू. भात टाकस, बठ्ठा जण बसा."

दुसऱ्यांदा घ्यायला वेळच नव्हता. दुसऱ्या दिवशी सरांनी फिल्म पाहिली, चष्मा पुसला आणि एवढंच विचारलं, की असं घर असताना ही पोरगी शिक्षण सोडतेच कशाला.

नूतनलाही ते पटलं. फिल्ममधली पोरगी आता भात खाते आणि कॉलेजला जाते.