पुलाचा होकार

कोणत्याही संस्थेचा भक्कमपणा तिथल्या माना किती हलतात यावर ठरतो, हे सुज्ञांस सांगणे न लगे. आमच्या पूल-देखभाल कार्यालयात पूर्वी बैठकीत हललेल्या माना साहेब स्वतः मोजत. त्यात चुका होत. (मागच्या बाकावरचे दप्तरी डुलक्या घेत आणि सर्वाधिक सहमत ठरत.)

अशात ग्राफीनच्या पट्ट्या आल्या. ग्राफीन म्हणजे पेन्सिलीतल्या शिशाचाच एका अणूइतका पातळ पापुद्रा. तो मऊ रबरात कालवून पट्टी करतात. पट्टी केसभर ताणली तरी तिच्यातून वीज वाहणं अवघड होतं आणि यंत्र लगेच नोंद करतं. वरून कोळी चालत गेला तरी तिला कळतं. या पट्ट्या खरं तर पुलाचे खांब तपासायला मागवल्या होत्या. पण पूल कुठे पळून जातोय? साहेबांनी दूरदृष्टीने दोनशे पट्ट्या कर्मचाऱ्यांच्या मानांवर चिकटवल्या. एक उरली.

ती पाहणीवरच्या इंजिनिअरबाईंनी मागून घेतली आणि तिसऱ्या खांबाला लावली. आठवड्याने त्या कागद घेऊन बैठकीत आल्या.

"साहेब, खांब वाकतोय. पूल आजच बंद करा. माझी लेक रोज त्यावरून शाळेत जाते हो!"

"बाई, उगाच राईचा पर्वत करू नका. पूल ठणठणीत आहे. काय मंडळी?"

एकशे नव्व्याण्णव माना खाली-वर झाल्या. बाईंची एकटीची डावी-उजवीकडे हलली, आणि चांगली जोरात हलली. मात्र पट्टीला ताण कळतो, दिशा कळत नाही. त्यामुळे ठराव एकमताने, आणि बाईंच्या खास आग्रहावरून, मंजूर झाला.

महिनाअखेर सहमतीचा तक्ता लागला. दप्तरी ३१२. साहेबांचे मेहुणे ९०४. तिसरा खांब ११,४६०.

इतका विनम्र कर्मचारी कार्यालयाने आजवर पाहिला नव्हता. खांबाला प्रशस्तिपत्र खिळ्याने ठोकून दिलं. (खिळा हातानेच आत गेला.) बाई मात्र लेकीला आता चार किलोमीटरचा वळसा घालून शाळेत सोडतात. स्वतःच आग्रह धरायचा आणि स्वतःच पाठ फिरवायची, याला काय म्हणावं?

वाचकहो, एवढं वाचताना आपलीही मान हललीच असेल. कोणत्या दिशेने, ते कळवण्याची तसदी घेऊ नका. होकार पोचला. आपल्या मागणीवरून पूल उद्याही सुरू राहील.