पुन्हा येण्याचा रकाना

गजानन गुरुजींकडून गोष्टीचं पुस्तक विकत घ्यायचं असेल, तर आधी त्यांच्या वहीत नाव लिहावं लागतं. तेही मुलानं, स्वतःच्या हातानं. आईनं लिहिलेलं चालत नाही. नाव, वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, गाव आणि गोत्राच्या जागी आवडता प्राणी.

गुरुजी आमच्या पंचवटीतले तीर्थोपाध्याय. रामकुंडावर अस्थी घेऊन येणाऱ्यांचे विधी करायचे आणि त्यांच्या घराण्याची नावं लांबलचक वहीत उतरवायची, हे त्यांच्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. तुम्ही गाव आणि आडनाव सांगा, गुरुजी दोन मिनिटांत तुमच्या पणजोबांची सही काढून दाखवतील. वर म्हणतील, "वहीत आहे म्हणजे आहे!"

त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी माझं छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, असलं काहीबाही. साठी उलटल्यावर एके सकाळी गुरुजींनी पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. "बालवाङ्मय आहे. छापायचं." एखाद्या प्रकाशकाकडे का जात नाही, असं विचारलं तर म्हणाले, "तो मला ओळखत नाही, मी त्याला ओळखत नाही. कशाला उगाच?"

गोष्ट एका बेडकाची. गोदावरीला पूर आलाय आणि बेडूक नदीपात्रातल्या उंच दुतोंड्या मारुतीच्या पायाशी बसलाय. नाशिकात पूर फुटांत कोण मोजतं? मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं, एवढंच विचारतात. तर पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागतं, कमरेला लागतं, बेडूक वर वर चढतो, पाणी छातीला लागतं आणि पुस्तक संपतं. शेवटच्या पानावर एवढंच, 'पुढे काय झालं ते विचारायला या.' खाली पत्ता.

"गुरुजी, गोष्ट अर्धीच आहे."

"अर्धी नाही. थांबलेली आहे."

माझ्याकडे चित्रं काढणाऱ्या शबानानं त्यांना एकामागून एक चार बेडूक दाखवले. चारही परत आले. एक म्हणे विहिरीतला वाटतो, एक फार शिकलेला वाटतो. पाचवा दाखवताना ती म्हणाली, "गुरुजी, हा पण नाय म्हटलात ना, तर आता मीच मारते कुंडात उडी!" पाचवा पसंत पडला.

पाचशे प्रती निघाल्या. घाटावर गुरुजींच्या छत्रीखाली एका बाजूला लाल कापडातल्या जुन्या वह्या आणि दुसऱ्या बाजूला बेडूक, असं दुकान मांडलं गेलं. गंगापूर रोडच्या एक बाई मुलाच्या वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट म्हणून पंचवीस प्रती मागायला आल्या.

"मुलं कुठे आहेत?" गुरुजी.

"आपापल्या घरी."

"मग घेऊन या. नाव कोण लिहिणार?"

बाई गेल्या त्या गेल्याच. मी कपाळावर हात मारून घेतला. निम्म्याहून जास्त प्रती माझ्याच पोटमाळ्यावर पडून होत्या आणि लग्नसराईचा कागद ठेवायला जागा नव्हती. "देव द्यायला येतो आणि तुम्ही त्यालाच त्याचं गाव विचारता!" असं म्हणून मी रागानं ती मुलांची वही पुढे ओढली.

शंभरेक नावं होती. आवडता प्राणी वाघ, वाघ, म्हैस, वाघ, ट्रॅक्टर. ट्रॅक्टरलाही गुरुजींनी हरकत घेतली नव्हती. शेवटचा एक रकाना मात्र पानामागून पान कोरा. वर त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'पुन्हा आगमन'.

"हे काय?"

गुरुजींनी कुंडाकडे बोट केलं. "माझ्याकडे माणसं कधी येतात? घरात कोणी गेलं की. सही करतात, रडतात, पाया पडतात, जातात. पुढची खेप वीस वर्षांनी. तेव्हा सही करणाराच कलशात असतो. चाळीस वर्षं झाली, सहज म्हणून कोणी आलं नाही हो."

"आणि पुढचा भाग?"

"कोणी विचारायला आलं तर. न विचारता सांगणं फार झालं आयुष्यात."

माझा राग कुठल्या कुठे गेला. गठ्ठे पोटमाळ्यावर राहू दिले.

वर्ष गेलं. रकाना कोराच. परवा घाटावर गेलो तेव्हा जळगावकडचे एक गृहस्थ आले होते. मुंडण केलेलं, हातात कलश, सोबत सात-आठ वर्षांची मुलगी.

"वडील गेले, गुरुजी. मागच्या वर्षी हिला घेऊन इथं आले होते. आमच्या घराण्याचं पान काढता का?"

गुरुजींनी लाल वही ओढली. तेवढ्यात मुलीनं पिशवीतून पुस्तक काढलं. कोपरे मऊ पडलेले, आणि बेडकाच्या डोक्यावर स्केचपेननं छत्री काढलेली.

"आजोबा म्हणाले होते, पुढचं विचारायला परत जाऊ. बेडकाचं काय झालं?"

"वैशू, नंतर," तिचे वडील हळूच म्हणाले. "आधी आजोबांचं होऊ दे."

गुरुजींचा हात लाल वहीवरून उठला. "थांबा. आधी हिचं."

कुणाचेही पणजोबा दोन मिनिटांत शोधून देणाऱ्या माणसाला मुलांच्या वहीत पान सापडेना. शेवटी मुलीनंच बोट ठेवलं. "ही मी. म्हैस." गुरुजींनी कोऱ्या रकान्यात तारीख घातली. डोळे पुसले. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू?

पुढचा भाग त्यांनी लिहिलेलाच नव्हता, हे मला ठाऊक होतं. तरी ते सांगू लागले. "तर बेडूक मारुतीच्या खांद्यावर चढला..."

"पाणी उतरलं?"

"उतरतं, बाळ. वेळ लागतो."

वडील कलश मांडीवर घेऊन पायरीवर टेकले. मध्येच गुरुजी श्वास घ्यायला थांबले, तेव्हा "मग?" असं विचारलं, ते वैशूच्या वडिलांनीच.