देवरावभाऊंच्या व्हॅनचा पत्रा

आमच्या बेला गावातले देवरावभाऊ कोणाच्याही गाडीत बसायच्या आधी खिशातून चुंबक काढतात. दारावर, चाकाच्या वर, पायरीखाली लावून बघतात. चिकटलं तर पत्रा. गळून पडलं तर गंज खरवडून पुट्टी भरलेली. एकदा वरातीच्या सजवलेल्या गाडीवरून ते चुंबक गळून पडलं, तेव्हा भाऊ मांडवापर्यंत पायी गेले.

तहसीलमधून कारकून म्हणून निवृत्त झालेला हा माणूस सापाला भीत नाही, गंजाला भितो. "भोक एकटं नसते, मास्तर. मागं त्याचं खानदान असते," हे त्यांचं पालुपद. पहाटे आपल्या जुन्या व्हॅनला कान लावून उभे असतात. एकदा मलाही बोलावलं.

"आयकू येते?"

"काय?"

"खाऊन राह्यलं."

मी हसलो खरा, पण घरी येऊन माझ्या मोटरसायकलच्या टाकीला कान लावलाच.

मागच्या हिवाळ्यात त्यांच्यासोबत आदिलाबादला निघालो होतो. मी पुढे, डावीकडे बसलेलो. जैनथजवळ एक खड्डा आला, काहीतरी करकरलं आणि माझा पाय गुडघ्यापर्यंत खाली गेला. चप्पल गेली. खालून डांबर पळताना दिसत होतं.

"भाऊ, पाय!"

त्यांनी करकचून ब्रेक मारला. मी पाय वर ओढला. नुसतं खरचटलं होतं. भाऊ माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांची नजर त्या भोकावर होती, आणि तोंड पांढरं पडलेलं.

"इथं ती बसते," ते म्हणाले.

ती म्हणजे यमुनाबाई, त्यांची बायको. पाय सुजतात, बसची पायरी चढवत नाही. भीमपूरच्या बहिणीकडे जायचं तर हीच व्हॅन.

आदिलाबादपर्यंत मी दोन्ही पाय सीटवर घेऊन बसलो. गॅरेजात मिस्त्रीने पेचकस टोचला, तर पत्रा पापडासारखा मोडत गेला. "पूरा सड़ गया, साब. काटना पड़ता."

कटरच्या ठिणग्या उडायला लागल्या तसे भाऊ माझ्या मागे आले आणि माझा शर्ट घट्ट धरला.

"मास्तर, पेट्रोलची टाकी कुठं हाय?"

"मागं."

"किती मागं?"

सडलेलं सगळं कापून नवा जाड पत्रा वेल्डिंगने बसला, वर गंजरोधक रंग लागला. रंग वाळल्यावर भाऊ डाव्या सीटवर बसले आणि दोन्ही पाय दाणदाण आपटायला लागले. थांबेचनात.

"हाथी बिठाना है क्या, साब?" मिस्त्रीने विचारलं.

"आमची बाई बसनार हाय," भाऊ म्हणाले आणि पुन्हा आपटायला लागले.

परतताना म्हणाले, "तिले सांगू नका. एकडाव भ्याली तं गाडीत पाय ठेवनार नाई. मंग ती घरातच बसून राहीन."

त्या रविवारी भीमपूरला निघाले, तेव्हा मलाही मागच्या सीटवर बसवलं. "सोबत असू द्या," एवढंच म्हणाले. यमुनाबाई भिंत धरत आल्या, हळूच पाय आत घेतले.

"काई झालतं काय गाडीले?"

"काई नाई. मस्त हाय."

गाव मागे पडलं. खड्डा आला की भाऊंचा डावा हात गिअर सोडून यमुनाबाईंच्या गुडघ्यावर जायचा आणि घट्ट धरायचा. नजर एकदा तिच्या पायाखालच्या पत्र्याकडे जायची. यमुनाबाईंना वाटलं, म्हातारा लाडात आलाय.

"मास्तर बसले हायत नं मागं," त्या लाजून म्हणाल्या.

भाऊंनी हात काढला नाही.