तेवीस खोळींच्या घरातील लॅपटॉप-मोहिमेची हकिकत

शके एकोणीसशे पंचेचाळीस, फाल्गुन मास, ते समयी शहर लातूर येथे नऊ दिवसांची जी मोहीम जाहली, तिची हकिकत जैसी घडली तैसी, पदरचे काही न घालता, पुढील पिढ्यांचे माहितीस्तव लिहिली असे.

प्रथम मोजदाद. सरकीपेंडीचे व्यापारी विरूपाक्ष अप्पा यांचे तीन खोल्यांचे घरात मोहिमेचे आरंभी होते ते येणेप्रमाणे. लॅपटॉप एक, टाळेबंदीचे सालात घेतलेला, वय तीन वर्षे आठ महिने, अक्षरे पुसलेली बटणे अकरा, तळाचे स्क्रू दहापैकी सात हजर. अप्पांची कन्या मंजुश्री एक, बारावी विज्ञान. शिलाई मशीन एक, फार जुनी. ताप मोजावयाची बंदूक एक, टाळेबंदीत दुकानी गिऱ्हाइकांचे कपाळी रोखावयास आणिलेली. आणि अप्पांच्या पत्नी मल्लम्मा यांनी स्वहस्ते शिवलेल्या खोळी तेवीस. त्यांत फ्रिजास एक, मिक्सरास एक, इन्व्हर्टरास एक, टीव्हीच्या रिमोटास एकावर एक अशा दोन, आणि लॅपटॉपास एक, अस्तर लावलेली, दुहेरी, पडदा व बटणे तेवढी उघडी ठेवून चहूकडून आवळलेली. बंदुकीस मात्र खोळ नव्हती.

ऐसे असता शनिवारी सायंकाळी लॅपटॉपसाहेब चालता चालता शुद्ध हरपून काळे पडिले. मंजुश्रीने घड्याळ लाविले, पुन्हा सुरू केले, आणि ते पुन्हा पडिले. तीन वेळांची नोंद: एकोणीस मिनिटे, अठरा, एकोणीस.

आता प्रसंग कठीण तो असा, की क्लासवाल्या सरकारांनी फर्मान काढिले होते: येत्या रविवारचे पुढील रविवारी सीईटीची सराव परीक्षा घरबसल्या होईल, मुदत एकशेऐंशी मिनिटे, गुण दोनशे, दीडशेवर मिळतील त्यांस विशेष तुकडीत जागा, आणि मधेच जो गळेल तो गैरहजर. परीक्षा मोबाइलवर उघडत नसे. शहरातील नेट कॅफेंच्या खुर्च्या तर इतर पालकांनी पंधरा दिवस आधीच काबीज केल्या होत्या. मंजुश्रीस विशेष तुकडी हवी होती आणि हाती यंत्र होते एकोणीस मिनिटांचे.

मग मसलत बसली आणि दरबारात दोन पक्ष जाहले. नव्याचे पक्षाचे सेनापती मल्लम्मांचे बंधू संगप्पा मामा, नांदेडास मास्तर. ते खबर मिळताच एसटीने कूच करून सहा दुकानांची जाहिरातपत्रे घेऊन दाखल जाहले, आणि त्यांनी स्वस्तातला स्वस्त नवा लॅपटॉप, वजन दीड किलो, अत्यंत पातळ, याची थोरवी गाइली. जुन्याचे पक्षाचे सेनापती खुद्द अप्पा. त्यांनी जन्मभर पेंड तोलली असल्याकारणे पहिला सवाल वजनाचाच घातला.

"आपलं जुनं किती भरतंय?"

"अडीच किलो, अप्पा," मंजुश्री बोलली.

"म्हंजे एक किलो माल कमी घ्यायचा आन् वर पैसे द्यायचे? संगप्पा, तू मास्तर हाईस का दलाल?"

"भावजी, हे पेंडीचं पोतं न्हाई!"

"पोतं बरं. फाटलं तर शिवता येतंय."

यावर हुकूम जाहला की दुरुस्ती होईतो नव्याचे नाव काढू नये. मामा रुसले, परंतु जेवावयास थांबले, आणि मग आठवडाभर थांबले.

सोमवारी लॅपटॉपसाहेबांची स्वारी भीमा मेकॅनिक यांचे दुकानी निघाली. उंबऱ्याशी मल्लम्मांनी खोळ उतरवून घेतली, परक्याच्या हाताने मळेल म्हणून, आणि घडी करून उशाशी ठेविली. भीमाने यंत्र उघडिले, पंख्यातील धूळ काढिली, आणि परीक्षेस्तव दोन तास पन्नास मिनिटांचा सिनेमा आरंभापासून अंतापर्यंत चालविला. यंत्र हलले नाही. फत्ते जाहली ऐसे समजून स्वारी घरी आली, मल्लम्मांनी ओवाळून खोळ चढविली, आणि एकविसावे मिनिटी साहेब काळे पडिले.

बुधवारी पुन्हा कूच. खोळ उशाशी. भीमाने चार्जर बदलिला आणि चार तास यंत्र चालले. घरी येऊन खोळ ल्याले आणि वीस मिनिटांत पडिले. गुरुवारी भीमा स्वतः मीटर घेऊन चालून आला आणि त्याने घरातील सर्व पॉइंटांची झडती घेतली. विजेचा दाब दोनशे अठ्ठावीस, कसूर नाही. तेव्हा तो हात जोडून बोलला, "ताई, माझ्याकडं हे मरतच न्हाई. मेल्याबिगर इलाज कशाचा करू?"

मामांनी ही संधी साधली. "मी म्हनून राहिलो न्हवं पहिल्यापासून? घर बाधतंय त्याला!"

शुक्रवार गेला. शनिवारी सकाळी अप्पांनी शस्त्र खाली ठेविले. "चल बाबा संगप्पा, घेऊन टाकू तुझं ते पापडावानी," म्हणोन चपला घातल्या. तेव्हा मंजुश्रीने एक तासाची मुदत मागितली. तिने वहीत दोन रकाने केले, एकात दुकान, एकात घर. यंत्र तेच, वीज तीच, चार्जर तोच, आणि वेगळे ते एकच निघाले. मग तिने ताप मोजावयाची बंदूक घेतली, तिची खुंटी माणसांवरून वस्तूंवर फिरविली, आणि यंत्र चालवून बार काढिले. खोळीवरून छत्तीस अंश. खोळीत बंदुकीचे तोंड खुपसून एकसष्ट.

येथे मागील हकिकत सांगणे अवश्य. मल्लम्मा दहा वर्षांच्या असता त्यांचे औशाकडील माहेरी भूकंपात घर बसले. माणसे अंगणात निजली होती म्हणून वाचली. दगडमाती उपसता एवढीच एक वस्तू धड निघाली: आईची शिलाई मशीन, वाकळीत, म्हणजे जाड गोधडीत, गुंडाळलेली. तीच ही मशीन. तेवीस खोळी तीवरच शिवलेल्या, आणि लॅपटॉपाच्या खोळीस अस्तर होते ते त्या वाकळीचे.

मंजुश्रीस हे ठाऊक होते. तिने वही आईपुढे ठेविली आणि शेजारी उभी राहिली.

मल्लम्मांनी रकाने वाचिले. "म्हंजे माझ्याच खोळीनं मारलं म्हन की."

"तसं न्हाई, अव्वा. आत कोंडलंय नुसतं."

"वाकळंत मशीन जगली. ह्याला काय धाड भरली?"

"मशीन बंद होती गं. हे चालू असतंय."

मामांनी जाहिरातपत्रांची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. अप्पांच्या आता एकाच पायात चप्पल उरली होती. मल्लम्मा खोळ मांडीवर घेऊन अस्तरावरून हात फिरवीत राहिल्या, आणि मग उठून मशीनवरची खोळ काढून बसल्या.

"कुठं कुठं भोकं पायजेत ते सांग. अन् माप दे. अंदाजानं कापनार न्हाई मी."

मंजुश्रीने पट्टीने मापे दिली: तळास चौदा सेंटिमीटर लांब, पाच रुंद, नग एक, डावे बाजूस नऊ बाय दीड, नग एक, मागे बारा बाय दीड, नग एक. मल्लम्मांनी कात्री चालविली आणि तिन्ही झरोक्यांस काठाने दुमडून दुहेरी टीप घातली. काम पन्नास मिनिटांत संपले. कापलेले तुकडे त्यांनी कोणास उचलू दिले नाहीत. मामांस सायंकाळची नांदेड एसटी मिळाली.

रविवारी सकाळी नऊ वाजता परीक्षेस तोंड लागले. अप्पा दुकानी गेले नाहीत. एकोणिसावे मिनिटी घरातील पंखासुद्धा कोणी बंद-चालू केला नाही. मल्लम्मा दाराशी बंदूक घेऊन उभ्या राहिल्या आणि दर अर्ध्या तासाने लॅपटॉपाचे तळाशी नेम धरून आकडा वहीत लिहीत गेल्या.

येणेप्रमाणे मोहीम समाप्त जाहली. निकाल: यंत्र चालले एकशेऐंशी मिनिटे. तळाचे कमाल तापमान शेहेचाळीस अंश. मंजुश्रीस दोनशेपैकी एकशे अठ्ठावन्न गुण. सोमवारी सायंकाळी पुन्हा मोजदाद केली, ती अशी: लॅपटॉप एक, तळाचे स्क्रू सात, खोळी चोवीस. चोविसावी बंदुकीची, अस्तर वाकळीच्या तीन तुकड्यांचे.