सलूनच्या खुर्चीची खरी किंमत

परदेशातून बोटीने आलेली सलूनची खुर्ची कस्टमच्या गोदामात येऊन पडली आणि ती सोडवायला जावयाबरोबर सासरेही निघाले, तिथेच घोळ झाला. जावई तिकडे एका कारखान्यात पुठ्ठ्याच्या पेट्या चिकटवायचा. पण सासुरवाडीत सांगताना तो कारखाना त्याच्यावाचून बंद पडत असे. खुर्चीची किंमतही त्याने फोनवर अशीच ठोकून दिली होती, दीड लाख. सलून सासऱ्यांचं. त्यांनी ती किंमत दाढ्या करता करता साऱ्या गावाच्या कानांवर घातली होती.

"किंमत किती?" खिडकीतल्या अधिकारी बाईंनी विचारलं.

जावई काचेच्या भोकाला तोंड लावून पुटपुटला, "सहा हजार."

"मोठ्याने बोला."

"सहा हजार."

सासरे मागून पुढे सरसावले. "बाई, त्यांचं मनावर नका घेऊ. मोठेपणा म्हणून नाही हो अंगात. चांगली दीड लाखाची आहे."

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "म्हणजे किंमत लपवताय. दीड लाखावर कर भरा, वर दंड."

जावई घाईने सासऱ्यांकडे वळला. "मामा, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

"का? मी खोटं बोलतोय?"

शेवटी जावयाने खिडकीसमोरच ठेवलेल्या खुर्चीवरचं प्लास्टिक ओरबाडून काढलं आणि ज्या तोंडाने तिचे गोडवे गायले होते, त्याच तोंडाने तिची लक्तरं काढायला घेतली. "ही बघा, गादी उसवलेली. पाठ एका खुर्चीची, बूड दुसरीचं. बंद पडलेल्या सलूनमधून उचललीय. पेडल दाबलं की गाईसारखी हंबरते."

त्याने दाबलं. खुर्ची हंबरली. गोदामातले हमाल वळून वळून बघायला लागले.

"एवढी भंगार, तर समुद्र ओलांडून आणलीत कशाला?"

"वर-खाली होते ना," जावई जमिनीकडे बघत म्हणाला. "वाकून वाकून मामांची कंबर गेलीय. पेट्या चिकटवून एवढीच परवडली."

बाईंनी चष्मा खाली घेतला आणि सहा हजारांवर शिक्का मारला.

बाहेर आल्यावर जावई धरणी कधी दुभंगते याची वाट बघत उभा.

"सुटलो बाबा," सासरे म्हणाले. "तुमच्या दीड लाखाला तोडीस तोड काय द्यायचं, म्हणून सलूनचा अर्धा गाळा विकायला काढला होता मी. आता हो पुढे, तू त्या बाजूने धर. आणि नीट धर, कारखानदार."

लग्न झाल्यापासून सासऱ्यांनी त्याला पहिल्यांदाच काम सांगितलं होतं. जावयाला इतकं हलकं वाटलं, की चार हमालांनाही हलली नसती ती खुर्ची त्या दोघांनीच टेंपोत चढवली.